इंग्लंडमधल्या सॅक्सन चर्चचं वय भिंतीवरून कसं ओळखतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी इंग्लंडमध्ये राहतोय आणि सुट्टीच्या दिवशी जुनी चर्च पाहत हिंडतोय. भारतातून पाहुणे आले की त्यांनाही एखाद्या तरी चर्चला घेऊन जातो. भिंतीसमोर उभं राहिलं की पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: "हे तेराशे वर्षांचं आहे, हे कशावरून म्हणता?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

सॅक्सन चर्च म्हणजे नेमका कोणता काळ?

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सत्ता ब्रिटनमधून गेली आणि तिच्याबरोबर चुन्यात दगड बांधायची विद्याही जवळजवळ गेली. पुढची पावणेदोनशे वर्षं घरं, वाडे सगळं लाकडाचं. ५९७ मध्ये ऑगस्टीन रोमहून केंटमध्ये आला, ख्रिस्ती धर्म राजदरबारात पोचला आणि दगडी चर्च बांधायला पुन्हा सुरुवात झाली. तिथपासून १०६६ मध्ये फ्रान्सच्या उत्तर भागातून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकेपर्यंतचा काळ, तेव्हा इथे सत्ता असलेल्या सॅक्सन लोकांवरून, ढोबळमानाने सॅक्सन धरतात.

या काळातही दगडी चर्च हा अपवादच होता. ६७४ मध्ये बेनेडिक्ट बिस्कप याने मंकवेअरमथला मठ बांधायला घेतला, तेव्हा त्याला गवंडी समुद्रापलीकडून, गॉलमधून (म्हणजे आजच्या फ्रान्समधून) आणावे लागले. खिडक्यांना काच बसवणारे कारागीरही तिथूनच आले. हे सांगणारा बीड नावाचा इतिहासकार भिक्षू त्याच मठात लहानाचा मोठा झाला, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे.

नुसती भिंत पाहून वर्ष सांगता येतं का?

नाही. भिंत वर्ष सांगत नाही, क्रम सांगते. कोणता भाग आधीचा, कोणता नंतर चिकटवला, कोणती खिडकी मागाहून फोडली, हे भिंत बऱ्याचदा अगदी स्पष्ट सांगते. त्या क्रमाला वर्षाचा खुंटा बाहेरून ठोकावा लागतो. तो खुंटा म्हणजे एखादा शिलालेख, बीडसारख्याची नोंद किंवा प्रयोगशाळेतलं मापन. असे खुंटे फार थोडे आहेत. म्हणून माहितीफलकावर "इ. स. ६८०" असं एकच वर्ष ठाम लिहिलेलं दिसलं, तर त्यामागे काय पुरावा आहे ते शोधावं. "सातव्या शतकाचा शेवट" हे बहुतेक वेळा जास्त खरं उत्तर असतं.

मग ज्यांचं वर्ष पक्कं माहीत आहे, अशी चर्च आहेत तरी का?

आहेत, आणि सगळा डोलारा त्यांच्यावरच उभा आहे.

ईशान्य इंग्लंडमधल्या जॅरोच्या सेंट पॉल चर्चमध्ये मूळ अर्पणशिला अजून शाबूत आहे. राजा एकफ्रिथच्या पंधराव्या आणि मठाधिपती केओलफ्रिथच्या चौथ्या वर्षी, मे महिन्याच्या कॅलेंडच्या (रोमन पंचांगातला महिन्याचा पहिला दिवस, तोही मोजणीत धरून) आधी नवव्या दिवशी हे चर्च अर्पण झालं, असं ती लॅटिनमध्ये सांगते. हिशेब केला की तारीख येते २३ एप्रिल ६८५. शिला आज मूळ जागी नाही, पण चर्चमध्येच आहे. आणि तिथल्या वेदीच्या दालनाच्या भिंती त्याच काळातल्या आहेत.

दुसरा खुंटा एकदम ११व्या शतकात सापडतो. ग्लॉस्टरशरमधल्या डिअरहर्स्टला ओडा नावाच्या सरदाराने भावाच्या आत्म्यासाठी एक छोटं प्रार्थनाघर बांधलं. त्याचा लेख १६७५ मध्ये सापडला आणि तो १०५६ सालचा आहे. प्रार्थनाघर मात्र कुठे दिसत नव्हतं. १८६५ मध्ये एका शेतघराचं काम चालू असताना कळलं की ते घराच्याच पोटात आहे. आत माणसं राहत होती आणि भिंती कुणी ओळखल्या नव्हत्या.

तिसरा खुंटा मला सगळ्यात जवळचा वाटतो. नॉर्थ यॉर्कशरमध्ये कर्कडेल नावाच्या दरीत सेंट ग्रेगरीचं चर्च आहे. दक्षिणेकडच्या दारावर दगडात कोरलेलं सूर्यघड्याळ आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या इंग्रजीत मजकूर आहे: गमालचा मुलगा ओर्म याने हे चर्च पार मोडून पडलेलं असताना विकत घेतलं आणि पायापासून नव्याने बांधवलं, राजा एडवर्ड आणि सरदार टोस्टी यांच्या काळात. टोस्टी नॉर्थंब्रियाचा सरदार होता १०५५ ते १०६५ या दहा वर्षांत, म्हणजे बांधकाम त्याच दहा वर्षांतलं. जीर्णोद्धार करणाऱ्याने आपलं आणि बापाचं नाव दारावर कोरून ठेवायचं, हे आपल्याकडच्या देवळांच्या पायऱ्या आणि ओटे पाहिलेल्या माणसाला लगेच ओळखीचं वाटतं.

आता मधलं अंतर पाहा. ६८५ आणि १०५६. यात पावणेचारशे वर्षं जातात आणि त्या पोकळीत असे भक्कम आधार अगदीच विरळ आहेत. मधली बहुतेक चर्च या दोन टोकांशी तुलना करूनच लावली जातात.

दगड रोमन आहेत म्हणता, मग चर्च रोमन का नाही?

कारण दगडाचं वय वेगळं आणि भिंतीचं वय वेगळं. हा फरक एकदा नीट पटला की बाकीचं बरंच सोपं होतं.

डरम परगण्यातलं एस्कम हे याचं उत्तम उदाहरण. छोटं गाव, भोवती गोल कुंपण, मधे उंच आणि अरुंद चर्च. मुख्य दालनाची लांबी रुंदीच्या तिप्पट. भिंतीजवळ गेलात की दिसतं, दगड एकसारखे नाहीत. काहींच्या तोंडावर तिरप्या रेघांची चौकटीचौकटींची जाळी कोरलेली आहे, शेजारच्यावर काहीच नाही. ही जाळी रोमन पाथरवटाची. हे दगड जवळच्या बिंचेस्टर इथल्या ओसाड पडलेल्या रोमन ठाण्यातून आणले. उत्तरेच्या भिंतीत एक दगड आहे, त्यावर रोमन सहाव्या पलटणीचं नाव कोरलंय, आणि ते उलटं आहे. ज्याने तो बसवला त्याला अक्षरांशी कर्तव्य नव्हतं, त्याला एक चांगला सपाट घडीव चिरा हवा होता. त्या एका उलट्या दगडात सगळा कालक्रम आहे: आधी रोमन लेख, मग रोमन इमारतीची पडझड, मग चर्च. एस्कम सातव्या शतकाच्या अखेरीचं मानतात.

हेक्सममध्ये हेच आणखी मोठ्या प्रमाणावर दिसतं. बिशप विल्फ्रिडने ६७४च्या सुमारास बांधलेल्या चर्चचं तळघर अजून आहे आणि ते जवळच्या कॉर्ब्रिजच्या रोमन दगडांनी बांधलेलं आहे. तिथल्या एका लेखात सम्राट सेव्हेरसचं आणि त्याच्या मुलांचं नाव होतं. त्यातला गेटा भावाच्या हातून मारला गेल्यावर त्याचं नाव सगळीकडून खरवडून काढायचा हुकूम निघाला. या दगडावरही ते खरवडलेलं दिसतं. म्हणजे या एकाच चिऱ्यावर तीन काळांचे हात फिरलेत.

उलट बाजूने सांगायचं तर रोमन वीट दिसली म्हणून चर्च सॅक्सनच, हेही खरं नाही. सेंट ऑल्बन्सचा प्रचंड मनोरा रोमन विटांचा आहे आणि ते काम १०७७ नंतरचं, शुद्ध नॉर्मन. विटांचा ढीग शेजारीच पडलेला होता, तो वापरला.

कोपऱ्याच्या दगडांना एवढं महत्त्व का?

कारण गवंड्याचा हात कोपऱ्यात कळतो. मधली भिंत अनघड दगड आणि चुना घालून कशीही उचलता येते, कोपरा मात्र साधावा लागतो. तिथे मोठे, घडीव चिरे लागतात. शिवाय ते काढणं अवघड असल्यामुळे पुढच्या दुरुस्त्यांतही कोपरे बहुतेक जसेच्या तसे राहतात.

सॅक्सन कोपऱ्यांचे मुख्य दोन प्रकार सांगतो. पहिल्यात लांबट चिरा एकदा या भिंतीत लांब, वरचा त्या भिंतीत लांब, असे आळीपाळीने आडवे घातलेले असतात. साधी, भक्कम पद्धत. दुसऱ्यात एक चिरा खांबासारखा उभा, त्यावर एक फरशीसारखा आडवा, परत उभा, परत आडवा. याला मी "उभं-आडवं काम" म्हणतो. आडवी फरशी भिंतीच्या पोटात लांब शिरते आणि उभ्या चिऱ्याला धरून ठेवते. पुष्कळ ठिकाणी या आडव्या फरशीचा बाहेर दिसणारा भाग तासून कमी केलेला असतो, म्हणजे भिंतीला गिलावा केल्यावर कोपऱ्यावर फक्त एक सरळ उभी पट्टी दिसावी. आज आपल्याला दगड उघडे दिसतात, पण यातल्या अनेक भिंती गिलावा करण्यासाठीच बांधल्या होत्या.

उभं-आडवं काम साधारण दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अकराव्या शतकापर्यंतचं मानतात. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या अर्ल्स बार्टनचा मनोरा पाहावा. कोपरे तसे, आणि भिंतीभर दगडाच्या उभ्या पट्ट्या, मधे कमानी आणि तिरकस पट्ट्यांची नक्षी. ओडाच्या प्रार्थनाघरातही हे काम आहे आणि तिथे १०५६ हे साल हाताशी आहे, म्हणून या पद्धतीच्या काळाबद्दल आपण बऱ्यापैकी निर्धास्त असतो.

पण पहिल्या पद्धतीबद्दल तसं नाही. एस्कमचे कोपरे आळीपाळीच्या मोठ्या चिऱ्यांचे आहेत. कर्कडेलचेही तसेच. दोन्हींमध्ये पावणेचारशे वर्षांचं अंतर! उत्तरेत मोठा वालुकाश्म मिळत राहिला आणि गवंडी तीच पद्धत चालवत राहिले. म्हणून नुसता असा कोपरा पाहून शतक सांगायचं धाडस मी करत नाही. आणि डिअरहर्स्ट, कर्कडेल ही एकाच दशकातली, पण कोपरे निराळे. काळाइतकाच प्रदेशही बोलतो.

माशाच्या काट्यासारखी दगडांची रचना म्हणजे सॅक्सन ना?

ही सगळ्यात पसरलेली समजूत आहे. एका थरात चपटे दगड डावीकडे कललेले, वरच्या थरात उजवीकडे, की भिंतीवर माशाच्या काट्याचा आकार उमटतो. मीही सुरुवातीच्या काळात अशी भिंत दिसली की वहीत "सॅक्सन" लिहून टाकायचो. नंतर त्या नोंदींपैकी कितीतरी मला खोडाव्या लागल्या.

ही रचना नॉर्मन किल्ल्यांतही आहे. टॅमवर्थच्या किल्ल्याची भिंत पाहा, डर्बीशरमधला पेव्हरिलचा किल्ला पाहा. हे किल्ले १०६६ नंतर आलेल्या लोकांनी उभे केले, तेव्हा ही रचना त्यांच्या गवंड्यांच्याही अंगवळणी होती हे उघड आहे. चपटे, वेडेवाकडे दगड हाताशी असले, वेगाने थर चढवायचा असला, की ते तिरपे लावणं सोयीचं पडतं. थोडा कल कमी-जास्त केला की थराची वरची पातळी आपोआप साधते. चर्चमध्ये ही रचना मोठ्या प्रमाणावर दिसली तर आता अभ्यासकांचा कल अकराव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे असतो. ती कालखूण म्हणून एकटी वापरू नये.

भिंतीची जाडी आणि खिडक्यांवरून काय कळतं?

सॅक्सन चर्चच्या भिंती उंचीच्या मानाने पातळ असतात, साधारण अडीच ते तीन फूट. नॉर्मन भिंती तीन फुटांहून जाड असणं नेहमीचं. दारात उभं राहून हात लांब केला की अंदाज येतो. मनोऱ्याच्या भिंतीला हा नियम लावू नका, तिच्यावर भार जास्त असतो.

खिडकी बाहेरून अरुंद आणि आत रुंदावत गेलेली असेल, तर ती सुरुवातीची सॅक्सन असू शकते आणि नॉर्मनही असू शकते. पण मधे अरुंद आणि आत-बाहेर दोन्हीकडे पसरत गेलेली, डमरूसारखी खिडकी दिसली की ती बहुतेक उशिराच्या सॅक्सन काळातली. ओडाच्या प्रार्थनाघरात तशा आहेत. त्रिकोणी माथ्याचं दार किंवा खिडकी, म्हणजे दोन फरश्या एकमेकींना टेकवून केलेला माथा, हीही चांगली खूण आहे. डिअरहर्स्टच्या मोठ्या चर्चमध्ये आतल्या बाजूला वर पाहा.

छिन्नीच्या खुणा वाचता येतात का?

येतात, पण प्रकाश तिरपा हवा. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन भिंतीला चाटून जात असताना, दगडावरची प्रत्येक रेघ उठून दिसते. आत अंधार असेल तर विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून धरा.

नॉर्मन पाथरवट कुऱ्हाडीसारख्या हत्याराने दगड तासायचे, त्याच्या तिरप्या समांतर रेघा राहतात. कॅंटरबरीचा भिक्षू जर्व्हेस याने ११७४च्या आगीनंतरच्या बांधकामाची हकीकत लिहिली आहे, त्यात तो जुन्या आणि नव्या कामाची तुलना करताना सांगतो की आधीचं कोरीवकाम कुऱ्हाडीचं होतं आणि आताचं छिन्नीचं. हत्याराबद्दल त्या काळच्याच माणसाची अशी साक्ष क्वचित मिळते. मंकवेअरमथच्या दारमंडपात दगडाचे छोटे गोल स्तंभ आहेत, त्यांवरची कडी इतकी सारखी आहेत की ते लाकडासारखे चरकावर फिरवून घडवले असं मानतात.

भिंतीचा क्रम प्रत्यक्षात कसा वाचायचा?

थॉमस रिकमन नावाच्या माणसाने १९व्या शतकाच्या सुरुवातीला जे केलं तेच करायचं. हंबर नदीच्या दक्षिण काठावर बार्टन गावात सेंट पीटरचं चर्च आहे. त्याच्या मनोऱ्याच्या खालच्या दोन मजल्यांवर दगडी पट्ट्यांच्या कमानी आहेत, आधी गोल, वर त्रिकोणी. सगळ्यात वरचा मजला साधा आणि वेगळ्या घडणीचा. वरचा मजला नॉर्मन वळणाचा दिसतो, मग खालचा त्याच्या आधीचा असलाच पाहिजे. आज हे अगदी साधं वाटतं, पण तोपर्यंत इंग्लंडमध्ये सॅक्सन दगडी बांधकाम शिल्लक आहे की नाही याबद्दलच गोंधळ होता. अभ्यासाचा पाया या एका निरीक्षणाने घातला. पुढे पुरातत्त्वज्ञ वॉरिक रॉडवेल यांनी या चर्चची भिंत आणि जमीन दोन्ही बारकाईने तपासली. मूळ चर्चमध्ये हा मनोराच मुख्य दालन होता, आणि पूर्वेला आणि पश्चिमेला त्याला दोन लहान खोल्या जोडलेल्या होत्या.

तुम्ही स्वतः पाहताना उभी सरळ फट शोधा. एकाच वेळी बांधलेल्या दोन भिंतींचे दगड एकमेकांत दात घालतात. नंतर जोडलेली भिंत नुसती टेकते, आणि वरपासून खालपर्यंत फट दिसते. दुसरं, कोण कोणाला कापतंय ते बघा. ब्रिक्सवर्थच्या चर्चमध्ये पश्चिमेच्या भिंतीत तीन कमानींची एक खिडकी आहे, तिने खालच्या जुन्या कमानीचा माथा खाल्ला आहे. म्हणजे कमान जुनी, खिडकी नंतरची. बाहेर मनोऱ्याला एक गोल जिना चिकटवलेला आहे, त्यामुळे पश्चिमेचा जुना रस्ता बंद झाला. तोही नंतरचाच.

ओळीने असलेली चौकोनी भोकं दिसली तर ती बुजवलेली परांचीची भोकं असतात. त्यांच्या ओळी एका पातळीत आहेत का, मधेच पातळी बदलते का, यावरून काम किती टप्प्यांत झालं तेही कळतं.

ब्रिक्सवर्थचं वय बदललं, असं ऐकलं. ते कसं?

नॉर्थॅम्प्टनशरमधलं ब्रिक्सवर्थ हे भव्य चर्च. आत शिरलं की दोन्ही बाजूंना रोमन विटांच्या रुंद कमानी दिसतात. विटा रोमन, पण त्या लावायची पद्धत रोमन नाही. खऱ्या कमानीत प्रत्येक वीट मध्यबिंदूकडे रोखलेली असते. इथे त्या बऱ्याच जागी कललेल्या आहेत, आणि रिकाम्या जागा चुन्याने भरल्या आहेत. त्या कमानीखाली उभं राहून एकेका विटेची दिशा डोळ्यांनी धरत गेलात, की तो गवंडी समोर उभा राहतो: साहित्य हातात आहे, रोमन इमारतींचे अवशेष पाहिलेले आहेत, पण शिकवायला कुणी नाही. तरी कमान उभी राहिली, आणि बारा शतकं उभी आहे.

अनेक पिढ्या हे चर्च सातव्या शतकातलं म्हणून सांगितलं जाई. मग भिंतीतल्या दगडांची एकेक करून नोंद झाली. त्यात असे दगड निघाले जे या परिसरात मिळतच नाहीत, लेस्टरच्या बाजूला मिळतात, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटरवर. काही दगड आधीच आगीत भाजून लाल झालेले होते. म्हणजे लेस्टरमधल्या जुन्या रोमन इमारतींचं साहित्य इथवर वाहून आणलं गेलं. खोदकाम आणि पुढच्या अभ्यासानंतर आता बांधकामाचा काळ आठव्या शतकाच्या अखेरीस किंवा नवव्याच्या सुरुवातीस धरतात. एवढ्या प्रसिद्ध इमारतीचं वय शंभरेक वर्षांनी सरकतं, याने निराश व्हायचं कारण नाही. पुरावा वाढला म्हणून मत बदललं.

चुन्यावरून किंवा विटेवरून थेट वय काढता येत नाही का?

येतं, पण प्रत्येक मापन नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं हे लक्षात ठेवावं लागतं.

चुना भट्टीत भाजताना लाकूड जाळतात आणि कोळशाचे कण चुन्यात राहतात. त्या कणांचं कार्बन-१४ मापन होतं. अडचण एवढीच की त्यातून झाडाचं ते लाकूड कधी वाढलं ते कळतं. दोनशे वर्षांच्या ओकच्या गाभ्यातला कण असेल तर उत्तर दोनशे वर्षांनी जुनं येईल.

चुना स्वतःही मोजता येतो. भाजलेला चुना भिंतीत घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो, म्हणजे भिंत बांधली त्या काळची हवा तिच्यात अडकते. कल्पना फार सुंदर आहे. पण अर्धवट भाजलेला चुनखडीचा खडा त्यात राहिला तर त्याचा लाखो वर्षांपूर्वीचा कार्बन मिसळतो आणि हिशेब बिघडतो. फिनलंडच्या ऑलंड बेटांवरच्या मध्ययुगीन चर्चवर या पद्धतीचं खूप काम झालं आहे.

विटेला प्रकाशदीप्ती (ल्युमिनेसन्स) मापन लावतात. त्यातून वीट कधी भाजली ते कळतं, भिंतीत कधी बसली ते नाही. रोमन वीट सॅक्सन भिंतीत असेल तर उत्तर रोमनच येणार, आणि ते बरोबरच असणार.

लाकडाची वर्तुळं मोजली तर?

दगडी चर्चमध्ये मूळचं लाकूड फार क्वचित उरतं. जिथे उरतं तिथे ही पद्धत अतिशय अचूक आहे, पण नमुना पुरेसा हवा. एसेक्समधलं ग्रीनस्टेड हे उभ्या चिरलेल्या ओंडक्यांचं लाकडी चर्च. १९६०च्या सुमाराच्या तपासणीत त्याचं साल ८४५च्या आसपास काढलं होतं. १९९५ मध्ये पुन्हा वर्तुळं मोजली तेव्हा ते ११व्या शतकाच्या उत्तरार्धात, १०६० नंतर आलं. चर्च दोनशे वर्षांनी तरुण झालं.

जुन्या ग्रंथात चर्चचा उल्लेख असेल तर प्रश्न सुटला ना?

ग्रंथातलं चर्च आणि समोरची भिंत एकच आहे, हे आधी सिद्ध करावं लागतं. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन इथलं सेंट लॉरेन्सचं छोटं चर्च घरं आणि शाळेच्या गर्दीत विसरलं गेलं होतं. १८५०च्या दशकात तिथल्या धर्मगुरूंनी ते ओळखलं. ११२५च्या सुमारास माम्सबरीच्या विल्यम या इतिहासकार भिक्षूने तिथल्या एका लहान चर्चचं श्रेय संत आल्डहेल्मला दिलं होतं, आणि आल्डहेल्म ७०९ मध्ये वारला. झालं, चर्च आठव्या शतकाच्या सुरुवातीचं ठरलं. पण भिंत वेगळं सांगते. मोठमोठे नीट घडलेले चिरे, बारीक दरजा, बाहेरच्या अंगाला आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, नुसत्या शोभेच्या कमानींची ओळ. १००१ मध्ये राजा एथलरेडने ही जागा शाफ्ट्सबरीच्या जोगिणींना दिली होती, आणि आज बरेच अभ्यासक हे बांधकाम त्यानंतरचं मानतात. माझं मतही भिंतीच्या बाजूने आहे.

गोल मनोरे सगळे सॅक्सन असतात का?

नाही. इंग्लंडमध्ये असे १८० च्या आसपास आहेत, बहुतेक नॉरफक आणि सफकमध्ये. तिथे घडीव दगड मिळत नाही, गारगोटीचे गोटे मिळतात, आणि गोल मनोऱ्याला कोपरेच लागत नाहीत. ही सोय नॉर्मन काळात आणि नंतरही तशीच होती. गोलाईवरून काळ ठरत नाही.

हे सगळं आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांसारखं आहे का?

अडचण अगदी तीच आहे. चुन्याशिवाय, दगडात दगड बसवून बांधलेलं जुनं देऊळ दिसलं की आपण त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. हेमाद्री यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. पण अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा आहे. ते शिलाहारांचं देऊळ, हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं. बांधणीच्या पद्धतीला माणसाचं नाव चिकटलं आणि नावामागून काळही चिकटला. आणि पाहा, अंबरनाथचं साल ओर्मने कर्कडेल बांधवलं त्या दशकात येतं. कर्कडेलच्या दारात उभा असलो की हे मला दर वेळी आठवतं.

मी पाहायला गेलो तर काय करू?

आधी आत जाऊ नका. बाहेरून पूर्ण फेरी मारा, एकदा दुरून, एकदा जवळून. चारही कोपरे पाहा, मग दारं-खिडक्यांच्या कडा, मग छताची जुनी उतरती खूण मनोऱ्याच्या भिंतीवर उरली आहे का ते. लहान दुर्बीण जवळ ठेवा, कारण सगळ्यात जुनी खिडकी बहुतेक सगळ्यात वर असते. १९व्या शतकातल्या दुरुस्त्यांनी पुष्कळ दरजा नव्याने भरल्या आहेत, त्यामुळे बाहेरच्या चुन्यावर भरवसा ठेवू नका. आणि कृपा करून चुना नखाने उकरून पाहू नका, शेवाळ खरवडू नका. ज्या कणातून उद्या कुणीतरी वय काढेल, तो कण तुमच्या नखात जायला नको.

एस्कमला गेलात तर दक्षिणेच्या भिंतीवर उंच बसवलेलं छोटं सूर्यघड्याळ चुकवू नका. त्याला सापाने वेढा घातलाय. त्यावर दिवसाचे बारा तास नाहीत, मोजक्याच रेघा आहेत, प्रार्थनेच्या वेळांच्या. ऊन असेल त्या दिवशी दुपारी जा, म्हणजे मधे टेकवलेल्या काडीची सावली कुठे पडत असेल ते बोटाने दाखवता येईल.